शिआन, चिऊ आणि आठ हजार सैनिक

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये फिरायला जाऊ नये, असं चीनमध्ये राहणारा प्रत्येक जण सांगतो आणि त्याच आठवड्यात तो स्वतः मात्र फिरायला जातो. १ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन, आणि त्याला लागून सलग सात दिवस सुट्टी. आपल्याकडे गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी एकाच आठवड्यात आली आणि सगळ्यांनी एकदमच कोकणात जायचं ठरवलं, तर काय होईल? त्याला दहाने गुणा. तसं साधारण चित्र असतं.

२०१८ साली मी एका प्रोजेक्टसाठी शांघायला होतो. वर्षभर सुट्टी मागितली की मॅनेजरचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. हे सातच दिवस असे होते की आमचं ऑफिस बंद, क्लायंट बंद, सर्व्हरला हात लावायलाही बंदी, आणि खालचा भाजीवालासुद्धा गावाला गेलेला. तेव्हा जायचं असेल तर तेव्हाच.

आणि जायचं होतंच. चिऊ अकरा महिन्यांची होती. तिच्यासाठी बायकोने पुण्यातली चांगली नोकरी सोडली होती आणि माझ्यासाठी ती शांघायला आली होती. एका रात्री, चिऊ झोपल्यावर, ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी चार महिने झाले बाविसाव्या मजल्यावरून चीन बघतेय." (बायको ओरडून बोलली की काळजी नसते. शांतपणे बोलली की तिकिटं काढायची.)

कुठे जायचं हेही तिचं ठरलेलं होतं. शिआन! शाळेच्या इतिहासात ह्युएन त्संग नावाचा एक प्रवासी असतो, आठवतोय का? पाठीवर बांबूची उंच चौकट, त्यात पोथ्या बांधलेल्या, असं त्याचं ते प्रसिद्ध चित्र. हा माणूस चीनमधून चालत भारतात आला, नालंदेत शिकला, देशभर हिंडला, आणि इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला. कुठे गेला? तर तेव्हाच्या चांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला. ते ग्रंथ ठेवायला तिथे एक पॅगोडा बांधला गेला, तोही अजून उभा आहे. बायकोला सातवीपासून तो बघायचा होता. बाकी तुम्हाला काय बघायचंय ते बघा, मला पॅगोड्यावर चढायचंय, ही तिची एकमेव अट.

आईचा अर्थातच विरोध होता. "अरे, तान्हं पोर आहे ते. त्याला काय कळतं सैनिक आणि भिंती?" आईशी बोलायला वुईचॅट होतं (भारतात ते २०२० साली बंद झालं, तोवर आई त्यात माझ्यापेक्षा तरबेज झाली होती). शेवटी दोन सूचनांवर तडजोड झाली. पोरीला बाहेरचं खायला घालायचं नाही, आणि रोज न विसरता गालाला तीट लावायची.

शांघाय ते शिआन सुमारे दीड हजार किलोमीटर. बुलेट ट्रेनने साधारण सहा तास. चिनी रेल्वेबद्दल लोक वेगाचं कौतुक करतात, पण लहान मूल असलेल्या माणसाला विचाराल तर खरं कौतुक आहे उकळत्या पाण्याचं. प्रत्येक डब्याच्या टोकाला एक नळ असतो आणि त्याला चोवीस तास कडकडीत पाणी. स्टेशनवर, विमानतळावर, सगळीकडे तेच. ते लोक त्यात चहाची पानं टाकतात किंवा नुसतंच पितात. आम्ही त्यात नाचणीचं सत्त्व कालवलं. शेजारच्या आजोबांनी वाकून त्या तपकिरी लापशीकडे पाहिलं, मग चिऊकडे पाहिलं, आणि सहानुभूतीने एक केळं दिलं.

आणि इथेच पहिल्यांदा तीट गेली. पलीकडच्या सीटवरच्या आजी उठल्या, चिऊच्या गालावर काहीतरी काळं लागलंय असं त्यांनी आम्हाला खुणेने दाखवलं, पर्समधून ओला टिश्यू काढला आणि खसाखसा पुसून टाकलं. वर आमच्याकडे असं बघितलं की या आईबापांना पोराचं तोंडही धुता येत नाही. पुढच्या चार दिवसांत ही तीट किमान सात वेळा पुसली गेली. पुसणाऱ्या सगळ्या आज्याच. शेवटी बायकोने ती कानामागे लावायला सुरुवात केली, तर टोपी सारखी करायच्या निमित्ताने तिथलीही सापडली.

चिनी आजी हा विषय खरं तर स्वतंत्र लेखाचा आहे. त्यांना वाटतं की जगातल्या सगळ्या बाळांना थंडी वाजते आहे. बाहेर चांगलं ऊन, आम्ही घामाघूम, आणि रस्त्यात कोणीतरी थांबून चिऊची पोटरी चाचपून "लेंग! लेंग!" (थंड! थंड!) म्हणणार. पँट आणि मोजा यांच्यामध्ये दोन बोटं कातडी दिसली तर तो गुन्हा. बायको म्हणाली, "मला वाटलं होतं की सासूबाई पुण्यात आहेत."

असो. पहिल्या दिवशी संध्याकाळी घंटाघराकडे गेलो. १३८४ साली बांधलेलं हे घंटाघर आज शहराच्या बरोब्बर मधोमध, चार मोठ्या रस्त्यांच्या चौकात आहे. मुळात ते थोडं पश्चिमेला होतं, पण शहराचा मध्य सरकला म्हणून १५८२ साली अख्खं घंटाघर सुटं करून इथे आणून बसवलं. (आमच्याकडे एक सर्व्हर हलवायचा तर तीन महिने मीटिंगा होतात.) चौकाभोवती गाड्यांचा भोवरा, त्यामुळे पलीकडे जायला जमिनीखालून गोल भुयारी रस्ता आहे. त्याला बाहेर पडायच्या वाटा भरपूर, आणि आमच्या वाटेला आलेल्या सगळ्यांना पायऱ्या. बाबागाडी उचला, वर या, चुकीचा कोपरा. परत खाली, परत वर, दुसरा चुकीचा कोपरा. घंटाघर दर वेळी वेगळ्या बाजूने तितकंच सुंदर दिसायचं. चौथ्या वेळी बायको म्हणाली, प्रदक्षिणा पूर्ण झाली, आता प्रसाद घेऊया.

प्रसादाला मागेच मुस्लिम मोहल्ला आहे. रेशीम मार्गाने आलेल्या व्यापाऱ्यांपासूनचा वारसा सांगणारे हुई मुसलमान इथे शतकानुशतकं राहतात. त्यांची जुनी मशीद बघण्यासारखी आहे. तिची स्थापना इ.स. ७४२ ची सांगतात, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या. घुमट नाही, उंच मिनार नाही. एकामागून एक अंगणं, झाडं, कौलारू छपरं. पाटी वाचली नसती तर मी मंदिरच समजलो असतो. आणि बाहेर गल्लीत खाण्याचा महापूर. काड्यांवरचं मटण, अक्रोडाची मिठाई, आणि टेंभुर्णीच्या चिनी चुलतभावाचे, म्हणजे त्या नारिंगी पर्सिमॉनचे, तळलेले गोड पेढे. बायको शाकाहारी, तिच्यासाठी लिआंगपी, म्हणजे गार रुंद शेवया, वर व्हिनेगर आणि लाल तिखट तेल. ही गोष्ट पुण्यात गाडीवर मिळाली तर पाणीपुरीवाल्यांना काळजी करावी लागेल.

मी मागवलं पाओमो. याची गंमत अशी की तुमच्यासमोर आधी एक रिकामा वाडगा आणि दोन जाड, कडक, अर्धवट भाजलेल्या भाकऱ्या येतात. त्या तुम्ही स्वतः हाताने कुस्करायच्या. किती बारीक? हरभऱ्यापेक्षा लहान. वीस मिनिटं लागतात. माझे तुकडे पाहून मालकाने मान हलवली आणि परत कुस्करायला लावलं. चिऊला दात येत होते, तिने एक तुकडा घेऊन पंधरा मिनिटं चघळला, घरात कधी एवढी शांतता नव्हती. मग वाडगा आत जातो आणि वरून मटणाचा उकळता रस्सा ओतून परत येतो.

तो आला. वाफा निघत होत्या. बायकोच्या फोनवर बडबडगीतं चालू होती आणि फोन चिऊच्या हातात होता. चिऊने वाडग्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि अतिशय विचारपूर्वक फोन वाडग्यात ठेवला.

फेकला नाही. ठेवला. एक सेकंद रश्श्यातून गाणं ऐकू येत राहिलं, मग बंद.

मालकाने चिमट्याने फोन काढला, पुसला, आणि मोठ्या मनाने मला रस्सा नवीन दिला. (भाकऱ्या मात्र परत कुस्कराव्या लागल्या.) आता आमच्याकडे एकच फोन उरला. आणि चीनमध्ये फोन म्हणजे पाकीट, नकाशा, दुभाषी, तिकीट, सगळं काही. भाजीवाल्यापासून सगळे पैसे स्कॅन करून घेतात, नोट दिली तर सुट्ट्यांची शोधाशोध होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरा दिवस तटबंदीचा. मिंग राजवटीत १३७० च्या दशकात बांधलेली ही भिंत शहराला चारी बाजूंनी घालते. घेर पावणेचौदा किलोमीटर, उंची बारा मीटर, आणि वरचा रस्ता इतका रुंद की दोन एसट्या आरामात शेजारून जातील. सायकल भाड्याने घेऊन पूर्ण फेरी मारायची, असा बेत होता. दक्षिणेच्या योंगनिंग दरवाजाने बाबागाडी उचलून वर चढलो, तर सायकलवाल्या बाईंनी चिऊकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी फुली केली. बाळ असेल तर सायकल नाही. बरोबरच आहे म्हणा.

मग चालत निघालो. वरून फार छान दिसतं. आतल्या बाजूला राखाडी कौलं, बाहेरच्या बाजूला तीस-तीस मजली इमारती, मध्ये आपण. पण वरचा रस्ता विटांचा, आणि विटांच्या सांध्यांवरून बाबागाडी नेली की आतलं बाळ मिक्सरमध्ये ठेवल्यासारखं दिसतं. चिऊला ते भयंकर आवडलं. ती "आआआ" असा लांब सूर लावायची आणि तो हादऱ्यांनी तुटून तुटून यायचा, तिला वाटायचं आपणच गातोय. किलोमीटरभर ही मैफल चालली आणि मग पुढचं डावं चाक निखळलं.

पुढच्या दरवाजाने खाली उतरलो. मी गाडी डोक्यावर घेतलेली, बायकोने चिऊला घेतलेलं. खाली तट आणि खंदक यांच्यामध्ये एक लांबच लांब बाग आहे, आणि माझं मत विचाराल तर शिआनमधली सगळ्यात चांगली जागा ती. तिकीट नाही, पाट्या नाहीत. निवृत्त मंडळी पत्ते खेळतायत, कोणी एर-हू वाजवतोय, चार बायका झाडाखाली समूहगान करतायत, एक गृहस्थ पाण्यात बुडवलेल्या मोठ्या ब्रशने फरशीवर अक्षरं लिहितायत आणि मागची अक्षरं वाळून जातायत. आम्ही त्या तीनचाकीसह अवतरलो तेव्हा पत्त्यांचा डाव थांबला. समिती बसली. चाक हातोहात फिरलं. मग एक आजोबा उठले, सायकलच्या टोपलीतून पक्कड आणि तारेचं भेंडोळं काढलं, आणि दहा मिनिटांत चाक असं बसवलं की ती तार अजून तशीच आहे. पैसे घेईनात. आमच्या डब्यातली शंकरपाळी घेतली, एकेक सगळ्यांना वाटली, आणि सगळ्यांनी ती फार गंभीरपणे खाल्ली.

तिथेच चिऊने लंगोटाचा कार्यक्रम केला. डायपर बदलताना आज्यांचा गराडा. एका आजीने आपल्या नातवाला आणून उभं केलं आणि त्याची पँट दाखवली. त्या पँटला खाली शिवणच नव्हती, मुद्दाम उघडी ठेवलेली. बसलं की उघडते, उभं राहिलं की मिटते. डायपर नको, धुणं नको. आजी आमच्या डायपरकडे बोट दाखवून बरंच काही बोलल्या. मला एक शब्द कळला नाही, आणि तरी सगळं कळलं, कारण हेच भाषण मी आईकडून मराठीत ऐकलेलं आहे.

तिसरा दिवस मातीच्या सैनिकांचा.

१९७४ साली लिंतोंगजवळ काही शेतकरी दुष्काळात विहीर खणत होते. पाण्याऐवजी मातीची डोकी लागली. खाली चीनचा पहिला सम्राट छिन श ह्वांग याच्यासाठी पुरलेलं अख्खं सैन्य होतं. सम्राट इ.स.पू. २१० मध्ये वारला. म्हणजे हे सैनिक बावीसशे वर्षं जमिनीखाली कवायतीत उभे होते. एकूण संख्या आठ हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. मूळचे ते रंगवलेले होते, पण उकरून हवा लागली की रंग झपाट्याने सुटतो, म्हणून बराच भाग अजून मुद्दाम न उकरता ठेवलाय. सम्राटाची खुद्द कबर तर उघडलेलीच नाही. मला ही गोष्ट फार आवडली. हातात येईल ते लगेच उघडून बघायचं नाही, एवढा संयम आमच्या क्षेत्रात कोणाकडे नाही.

रेल्वे स्टेशनजवळून बस. रांगेत दीड तास, बसमध्ये तास-सव्वा तास. पोचलो तेव्हा वाटलं की ते आठ हजार सैनिक बाहेर येऊन उभे आहेत आणि प्रत्येकाने सोबत कुटुंब आणलंय. पहिल्या खड्ड्याची इमारत म्हणजे अवाढव्य गोदाम, २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. दाराशी सुरक्षारक्षकाने बाबागाडीकडे बघून मला बाजूच्या उताराकडे पाठवलं. चिऊ बायकोच्या छातीशी पट्ट्यात बांधलेली, त्यामुळे त्या दोघींना सरळ आत. मी म्हटलं, "आत कठड्यापाशी थांब, आलोच."

आत कठड्यापाशी थांबणं ही गोष्ट त्या दिवशी कोणालाही शक्य नव्हती. गर्दी नदीसारखी वाहत होती. मी उतारावरून फिरून आत आलो तोवर सहा-सात मिनिटं गेली असतील. त्या दोघी नव्हत्या.

सुरुवातीला काही वाटलं नाही. एक फेरी मारली. दुसरी मारली. मग तिसऱ्या खड्ड्यात, मग दुसऱ्यात. मग मी थांबून मनातल्या मनात हिशेब केला. तिचा फोन रश्श्यात गेलेला. पैसे माझ्या फोनमध्ये, तिच्याकडे वीसेक युआन. तिन्ही पासपोर्ट माझ्या पाऊचमध्ये. चिऊचं खिमट, पाणी, डायपर माझ्या पाठीवरच्या बॅगेत. आणि चिऊ तिच्याकडे. माझ्याकडे सगळं होतं आणि त्याचा कोणालाही उपयोग नव्हता. चिऊची खायची वेळ टळून अर्धा तास झाला होता.

तेवढ्यात फोन बंद पडला. सकाळपासून तिकिटं, नकाशा, फोटो सगळं त्याच्यावरच. समोर भिंतीला भाड्याच्या पॉवर बँकांचं कपाट होतं. पॉवर बँक पाहिजे तर फोनने कोड स्कॅन करा. फोन चालू करायला पॉवर बँक पाहिजे. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात आणि इंटरव्ह्यूमध्ये मी लोकांना त्यावर प्रश्न विचारतो. त्या दिवशी मी त्या कपाटासमोर नुसता उभा होतो.

त्या सैनिकांमध्ये कोणाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नाही म्हणतात. मी सैन्य पाहिलं, तीनही खड्डे पाहिले, बहुधा इतर कुठल्याही पर्यटकापेक्षा जास्त वेळा पाहिले. पण मला दोनच चेहरे हवे होते. गर्दीत कुठे बाळ रडलं की पाय तिकडे वळायचे. आपल्या बाळाचं रडणं ओळखू येतं म्हणतात ना, ते खोटं आहे. दहा हजार माणसांच्या कालव्यात सगळी बाळं एकाच भाषेत रडतात.

चौकशीच्या खिडकीत एक विद्यार्थिनी होती, बहुतेक सुट्टीपुरती स्वयंसेवक. तिला थोडं इंग्रजी येत होतं. मी "बायको, बाळ, हरवले" असं सांगितलं. फोटो आहे का, तिने विचारलं. फोन बंद. मग मी चिऊचा पासपोर्ट उघडून तिच्यासमोर धरला. त्यातला फोटो दोन महिन्यांच्या चिऊचा. टक्कल, अर्धवट मिटलेले डोळे, तोंडाचा चंबू. मुलीने बराच वेळ तो फोटो पाहिला आणि अतिशय सौजन्याने म्हणाली, "सगळी बाळं अशीच दिसतात."

माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने खांद्यावरून डोकावून पासपोर्ट पाहिला. "यिन्दू?" भारत? मी मान हलवली. त्याने खिशातून फोन काढला, बोटाने दोन-तीन फोटो मागे सरकवले आणि माझ्यासमोर धरला. त्याची बायको, त्याची आई, आणि त्याच्या आईच्या मांडीवर चिऊ! दोन्ही हातात काहीतरी लाल, आणि गालावर तीट नाही. मागे डाळिंबांचा डोंगर. पलीकडे, अर्धी कापलेली, माझी बायको.

चार दिवस आम्ही वैतागलो होतो त्या फोटोंना. दर पन्नास पावलांवर कोणीतरी यायचं, "बाओबाओ, बाओबाओ" म्हणत चिऊला उचलायचं, आणि घरच्यांसोबत फोटो. सैनिक बघायला आलेली माणसं सैनिकांकडे पाठ करून चिऊचे फोटो काढायची. तो माणूस माझा दंड धरून जवळजवळ पळत मला फाटकाबाहेर घेऊन गेला. लिंतोंगची डाळिंबं प्रसिद्ध आहेत आणि ऑक्टोबर म्हणजे ऐन हंगाम. बाहेर पडायच्या वाटेवर विक्रेत्यांची ओळच्या ओळ. त्यातल्या एका टपरीसमोर माणसांचं कडं होतं, फोन वर धरलेले. मध्ये प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बायको, आणि तिच्या मांडीवर चिऊ आ करून बसलेली. डाळिंबवाली तिला स्टीलच्या डब्यातून चमच्याने काहीतरी भरवत होती.

मी वाकून पाहिलं. तांदळाची पेज. मीठ नाही, साखर नाही, नुसती मऊ पांढरी पेज. डाळिंबवालीचा स्वतःचा दुपारचा डबा होता तो. पाठीवरच्या बॅगेत माझं खिमट तसंच.

गर्दीच्या लोंढ्याने त्या दोघी इमारतीबाहेर फेकल्या गेल्या होत्या आणि परत आत सोडत नव्हते. बायकोने विचार केला, सगळ्यांना कधी ना कधी याच वाटेने बाहेर पडायचंय, तेव्हा इथेच बसू. ती एका जागी बसली, मी सगळीकडे फिरलो. एक तास चाळीस मिनिटं. तिने मला पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "किती वाजले?" आवाज अगदी नेहमीचा होता. पण मी चिऊला घ्यायला हात पुढे केला तर तिने दिलं नाही. संध्याकाळी बस शिआनला पोचेपर्यंत नाही दिलं.

डाळिंबं मात्र पाच किलो घेतली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. सोलापूरच्या डाळिंबापुढे कशी होती? दाणे छान, पण आमचं मत बायकोच्या माहेरामुळे पक्षपाती आहे, तेव्हा ते बाजूला ठेवू.

शेवटच्या दिवशी पॅगोडा. परतीची गाडी दुपारी चारची. मेट्रोने सकाळीच गेलो तरी वर चढायची रांग वळसे घेत होती. बाबागाडी वर नेता येत नाही, आणि आत अरुंद जिने. दोघांनी आळीपाळीने चढायचं असं आदल्या रात्री ठरलं होतं. रांग बघितली आणि कळलं की पाळी एकालाच मिळणार. बायको काही बोलायच्या आत मी चिऊला घेतलं. ती गेली.

मी आणि चिऊ बाहेर, दक्षिणेच्या चौकात ह्युएन त्संगच्या पुतळ्यापाशी. मागे पॅगोडा, सात मजले, चौसष्ट मीटर, किंचित कललेला. इ.स. ६५२ मध्ये उभा राहिला तेव्हा पाच मजल्यांचा होता, नंतर वाढला, पडला, सावरला. हा माणूस इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रातही येऊन गेला होता. चालुक्यांचा दुसरा पुलकेशी तेव्हा राज्यावर होता, ज्याच्यापुढे हर्षवर्धनाचंही चाललं नाही. आपल्याबद्दल ह्युएन त्संगने जे लिहून ठेवलंय ते मी चिऊला समजावून सांगितलं. इथली माणसं साधी पण मानी. उपकार केला तर विसरत नाहीत, अपमान केला तरी विसरत नाहीत. सूड घ्यायचा असेल तर आधी सांगून घेतात. आणि लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. चिऊला हत्तींचा भाग आवडला असावा, तिने एक बूट काढून टाकला. (तो बूट कुठे गेला ते आजतागायत माहीत नाही. आम्ही एका बुटाचं बाळ घेऊन शांघायला परतलो आणि वाटेत किमान चाळीस जणांनी आम्हाला तिचा पाय दाखवला.)

सतरा वर्षं हा माणूस घराबाहेर होता. आम्ही चार दिवसांत एक फोन, एक चाक, एक बूट, आणि काही काळापुरते एकमेकांना हरवून बसलो होतो. त्याच्याकडे अर्थात बाळ नव्हतं.

बायको पावणेदोन तासांनी खाली आली. चेहरा लाल, केस विस्कटलेले. मी विचारलं, काय दिसलं? म्हणाली, "चारी बाजूंना खिडक्या आहेत. पश्चिमेच्या खिडकीत उभी राहिले. लोक मागून ढकलत होते, तरी उभी राहिले." मग थोड्या वेळाने, "नुसत्या इमारती दिसतात रे. धूसर. पण त्याच दिशेने तो गेला ना." त्यानंतर मेट्रो स्टेशनपर्यंत ती एकटीच पुढे चालत होती आणि मी मागून बाबागाडी, डाळिंबं आणि एका बुटाची चिऊ घेऊन. चार महिन्यांत तिला इतकं हात हलवत चालताना मी पाहिलं नव्हतं.

शांघायला परतल्यावर तिचा फोन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. फोटो तरी वाचवा म्हटलं. त्याने मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. मग चिमट्याने आतून एक पांढरा कण काढून टेबलावर ठेवला. त्याने तो बोटाने दाबून पाहिला, नाकाशी नेला, आणि भिंगावरून माझ्याकडे बघत विचारलं, "शिआन?"